शंकरप्पाच्या दंडाची वाट बघताना

"ती सुईच खायली पोरीला! फेका म्हणतो ना उकिरड्यावर!"

"भावजी, हात लावू नका. तिच्यावरच माझी लेक जगायली."

"जगायली? डोळे फुटले का? सकाळी टोचली, आन् आता बघ, घामानं भिजून आडवी पडली!"

मित्रांनो, ह्या भांडणातली सुई म्हणजे मी. मी एक जुनी काचेची सिरिंज हाय. ओरडणारा तो रेणापूरचा शंकरप्पा, मोंढ्यातला, म्हंजे धान्याच्या बाजारातला अडत्या. त्याच्यापुढं कधी तोंड न उघडणारी, पण त्या दिवशी उघडलेली, ती त्याची भावजय जगदेवी. आन् फरशीवर पडलेली अकरा वर्षांची शिवकांता, जगदेवीची लेक. बाप एसटीत कंडक्टर, नांदेडच्या गाडीवर. घरी कमीच.

मी भांडणं विसरत न्हाई. हे तर मुळीच न्हाई.

मी कुठं घडले ते मला ठाऊक न्हाई. मला आठवतंय ते लातूरच्या दवाखान्यातलं कपाट. तवा लातूर जिल्हा होऊन वर्षबी झालं नव्हतं. स्वागताच्या कमानीवरचा गुलाल तसाच होता, आन् नळ मात्र कोरडे. त्या उन्हाळ्यात जगदेवी शिवकांताला घेऊन आली. पोरगी काडीसारखी. जगदेवी डॉक्टरीणबाईला सांगायली होती, मी कपाटातून ऐकत होते.

घरात दिवसाला चार घागरी पाणी, आन् ही एकटी एक घागर प्यायची. पुन्हा तांब्या घेऊन उभी. शंकरप्पानं थोबाडीत दिली, "पाणी काय तुझ्या बापानं आणून ठेवलंय?" म्हणला. रात्रीतून पाच येळा लघवीला उठायची. मोरीत मुंग्या लागल्या, तरी कुणाला काय कळलं न्हाई.

त्या थोबाडीत मारण्याचा राग मला तवाच आला. अजून घरबी बघितलं नव्हतं मी.

डॉक्टरीणबाईनं शंकरप्पाला बोलावून घेतलं. "आप्पा, तुमचा मोंढा ना? मग ऐका. खाल्लेल्याची साखर होऊन रक्तात येती. त्या समजा पोत्यांनी भरलेल्या गाड्या. पोती गोदामात न्यायला हमाल लागतात. पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, तिथं इन्सुलिन तयार होतं. तेच ते हमाल. हिच्या अंगातल्या राखणदारांनी चुकून ती जागाच मारून टाकली. आता हमाल न्हाईत. गाड्या रस्त्यात उभ्या, गोदाम खाली. पोरगी खाऊनबी उपाशी. जास्तीची साखर लघवीवाटे जाती, संगं पाणी घेऊन जाती, म्हून तहान. तिची काय चूक न्हाई."

शंकरप्पानं मान हलवली. ऐकलं काय न्हाई.

मी रेणापूरला आले. रोज वाटीभर पाण्यात उकळायचे. इन्सुलिनची बाटली मडक्यात, ओल्या फडक्यात. "औषधाला गारवा, आन् आम्हाला घोट न्हाई," शंकरप्पा कुरकुरायचा. पण शिवकांता भरायला लागली. गालाला रंग आला. मला कौतुकानं दोन्ही हातांनी धरायची.

डॉक्टरीणबाईनं एकच गोष्ट पक्की सांगितली होती. टोचलं की अर्ध्या तासात जेवायचं. त्या घरचीबी एक रीत होती. आंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याबिगर घास न्हाई. पाणी होतं तवर दोन्ही जमायचं.

त्या दिवशी टँकरच आला न्हाई. जगदेवीनं सातला टोचलं आन् घागरी घेऊन रांगेत गेली. पोरीनं भाकरीला हात लावला, तसा शंकरप्पा गरजला, "आंघोळ न्हाई, पूजा न्हाई, आन् खायला बसली? ठिव ती!" पोरीनं ठेवली. हमाल तर आत गेले होते. त्यांनी होत्या तेवढ्या गाड्या खाली केल्या. साखर उतरत गेली. हात थरथरले, घाम फुटला, दहाला पडली.

रांगेतून परतलेल्या जगदेवीनं गुळाचं पाणी पाजलं. पोरगी उठून बसली. पण शंकरप्पानं मला उचललं आन् उकिरड्यावर भिरकावलं. बाटली मडक्यासकट रस्त्यावर फोडली. कुण्या वैद्याची कडू पूड आणली.

मी शेणाखाली तीन दिवस पडून होते. सुई वाकली, काच शाबूत. शिवकांताला इन्सुलिन न्हाई. साखर असून अंगाला मिळंना, म्हून अंगानं चरबी जाळली, त्याचं विष रक्तात चढलं. ओकाऱ्या मला उकिरड्यावर ऐकू यायच्या. तिथंच मी ठरवलं. शंकरप्पा, तुझा दंड एक दिवस माझ्यापुढं येईल. मी बदला घेईन.

तिसऱ्या दिवशी जगदेवीनं दोन्ही हातांनी उकिरडा उपसला. मला पदरात बांधलं, लेकीला खांद्यावर घेतलं, लातूरची एसटी धरली. सलाईन, इन्सुलिन, पाच दिवस. पोरगी वाचली. घरी आल्यावर जगदेवीनं दिरासमोर लेकीचं ताट मांडलं. "लिंग गळ्यातच हाय, कुठं पळून जात न्हाई. टोचलं की आधी खायचं."  शंकरप्पानं माफी काय मागितली न्हाई.

दोन वर्षं गेली. शंकरप्पाचं पोट सुटलं. गादीवर बसून राहायचा, पायाला मोंढ्यातला पोती उचलायचा हूक लागला ती जखम भरंना. मग तहान लागली त्याला! तिसरा तांब्या मागितला, तवा मला वाटलं, आता म्हण पोरी, पाणी काय तुझ्या बापानं आणलंय? शिवकांतानं भरून दिला. मला तिचा लई राग आला.

वर तीच म्हणली, "मोठेआप्पा, मोरीत मुंग्या आल्यात. दवाखान्यात चला."

त्याचं दुखणं येगळं. त्याच्यात हमाल हायेत, पण गोदामाची दारं जाम झालीत. घराण्यात असतं, वरून पोट आन् बसून राहणं. दारं ढकलून हमाल थकले. जखम भरस्तोवर डॉक्टरीणबाईनं त्याला इन्सुलिन सांगितलंय. त्याची सिरिंज उद्या लातूरहून येणार. आज माझी पाळी. एकच डाव.

जगदेवीनं ती वाकडी सुई डबीत जपून ठेवलीय. तीच लावा, म्हणून मी तडफडायले. शिवकांतानं नवी लावायला काढलीय.

शंकरप्पा बाही वर करून बसलाय, डोळे गच्च मिटून. "दुखंल का गं?"

"डोळे उघडा, मोठेआप्पा. उद्यापासून तुमचं तुम्हालाच करायचंय. ताट वाढलंय, टोचलं की जेवायचं."

उघडले त्यानं. वाटीतल्या पाण्यात मला बघितलं. वळखलं.

मित्रांनो, घरात कुणी सारखं पाणी प्यायलं, वाळायला लागलं, तर थोबाडीत मारू नका, दवाखान्यात न्या. आन् चालू औषध कुणाच्या सांगण्यावरून फेकू नका. फेकलेली वस्तू विसरत न्हाई. जिला उकिरड्यावर टाकलं, तिच्याच टोकानं आज ह्याला जगायचंय, आन् मी त्याला मरूबी देणार न्हाई, हाच माझा बदला.

पाणी उकळलं. शिवकांतानं चिमटा घातला. सोडा मला मित्रांनो, त्याच्या दंडाकडं निघायचंय.