निकासियोचं पान

माझा नवरा मेला असं मी गावकीत सांगितलं, तेव्हा तो जिवंत आहे की नाही हे मला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या सहा वर्षं आधी निकासियो सरहद्दीपलीकडच्या खाणीत कामाला गेला आणि पुन्हा आमच्या पठारावर फिरकला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

आता येत्या जानेवारीपासून गावच्या कारभाराची पाळी आमच्या घराची होती. आमच्याकडे कारभाराची काठी एकट्याला मिळत नाही, जोडीनेच घ्यावी लागते. पाळी चुकवली की जमीन गावकीकडे परत. माझी जमीन म्हणजे उतारावरचे बटाट्याचे तुकडे आणि खाली लोकरीचे अल्पाका चरतात ती पाणथळ. तेवढ्यावर मी जगते.

"असुन्ता, नवऱ्याला घेऊन ये," गावातले वडीलधारे ताता सेबेरो बैठकीत म्हणाले. "नाहीतर त्याचं उरकून टाक. विधवेला भावाबरोबर काठी घेता येते. नवरा असताना नाही."

"आणते ना ताता. कुठल्या खिशातून काढू?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. "मेला तो," मी म्हणाले.

उरकणं म्हणजे मेलेल्याचे कपडे नदीवर धुऊन जाळायचे. त्याला रक्ताचं माणूस लागतं, म्हणून धाकट्या नणंदेला, बाल्बिनाला, घेऊन गेले. काठाला अजून बर्फाची साय होती. सदरे धुऊन झाले, घोंगडं पिळायला घेतलं, आणि बाल्बिनाने हातातलं टोक सोडून दिलं.

"मी नाही पिळणार, वहिनी. जित्या माणसाचं आहे ते."

"काय म्हणालात, वन्सं?"

"दरवर्षी मृतांच्या दिवशी फोन करतो मला. आईच्या नावाने रडतो. तिकडे बाई आहे त्याची. पोरगीही झालीय. येणार नाही म्हणतो."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"भाऊ आहे माझा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो दरीत पडला असेल, बोगद्यात गाडला गेला असेल, अशी त्याची नाना मरणं मनात आणून मी रडले होते, आणि हा तिकडे पोरीला खेळवत होता! घोंगड्याचं एक टोक दगडाखाली दाबलं आणि दुसरं एकटीने पिळलं. ते नीट पिळलं गेलं नाही. जाळताना नुसता धूरच झाला. बाल्बिना लांब बसून बघत राहिली. गावात ती काही बोलली नाही, पण कधी बोलेल याचा नेम नव्हता. काठी जानेवारीत मिळायची होती.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. नव्या मृताच्या घरी सारं गाव जमतं. मी निकासियोचं पान मांडलं: उकडलेले बटाटे, सुक्या मांसाचं कालवण, चघळायची कोकाची पानं आणि निकासियो म्हणून माणसाच्या आकाराचा पाव. ताता सेबेरो प्रार्थना म्हणू लागले. बाल्बिना टोपी डोळ्यांवर ओढून कोपऱ्यात बसली होती.

तिच्या शालीत फोन वाजला.

ताता थांबले. "कोण गं?"

बाल्बिनाने माझ्याकडे पाहिलं. तिने फोन कानाला लावला. घर इतकं शांत झालं की पलीकडचा पुरुषाचा आवाज मलाही ऐकू आला, आणि त्याच्या मागे लहान पोरीचं खिदळणं. आता तिने नुसतं "दादा" म्हटलं असतं तरी माझी जमीन गेली होती.

बाल्बिना बराच वेळ ते खिदळणं ऐकत राहिली.

"थांबू नका, ताता," ती म्हणाली. "नाव जरा मोठ्याने घ्या." आणि फोन तिने पानासमोर धरला.

"निकासियो कालिसाया," तातांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "तुझ्या जिवाला शांती मिळो." सगळं गाव त्यांच्यामागून म्हणालं. मीही म्हणाले.

पलीकडचा आवाज बंद झाला.

बाल्बिनाने फोन शालीत खोचला, पाव उचलून मानेपाशी मोडला आणि डोक्याकडचा तुकडा माझ्या हातात दिला.

"घ्या, वहिनी."

दुसरा तुकडा तिने स्वतः तोंडात घातला. ती रडत होती. मीही माझा तुकडा सगळा खाल्ला.