तोंड घराकडे

आत्याला सगळे मागून फौजदार म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. गल्लीत कुणी गेलं, की डॉक्टरच्या पाठोपाठ तिलाच बोलावणं जायचं. ती बाह्या सरसावूनच यायची, रडणाऱ्यांना एका खोलीत आणि कामाच्या माणसांना दुसऱ्या खोलीत घालायची आणि घटकाभरात सगळं मार्गाला लावायची. लोक तिला टरकून असत, पण मेल्या घरी तिच्यावाचून त्यांचं पान हलत नसे.

या खेपेला बोलावणं तिच्याच घरातल्या मधल्या खोलीतून आलं. धाकट्या भावाचा टिल्लू तापानं गेला. नुकताच शाळेत जायला लागलेला, जिन्याच्या पायऱ्या उड्या मारत उतरतो म्हणून रोज आत्याचा ओरडा खाणारा. आत्याचे हात सवयीनं चालू लागले. तिनं आरशावर चादर टाकली आणि खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ बंद केलं.

"वन्सं, आरसा का झाकलात?" कोपऱ्यातून भावजयीनं विचारलं. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं बोलणं. डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं.

"अगं, रीत आहे ती."

"हो, पण का?"

असं आत्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र तिला तोंडपाठ होतं. "गेलेल्याला आपलं रूप दिसलं तर तो घुटमळतो. जात नाही."

"आणि घड्याळ?"

"वेळ संपली हे त्याला कळावं म्हणून. नाहीतर जेवायच्या वेळेला हटकून येऊन बसतो, म्हणतात."

बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं. जेवायला ये म्हणून टिल्लूला खिडकीतून हाका मारता मारता तिचा घसा बसायचा.

सुतारानं पेटी आणली. टिल्लूला तीत निजवलं. एवढीशी पेटी एकट्यानंही उचलली असती, पण तसं उचलायला कुणाचा हात धजेना. पुढून सुतार आणि मागून मुलाचा बाप, असे दोघं लागले. दारापाशी आत्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पाय पुढे घ्या. पाय आधी बाहेर."

"ते का?" भावजय उठून दारात आली होती.

"म्हणजे तोंड बाहेरच्या बाजूला राहतं. घर दिसलं, की वाट लक्षात राहते आणि मग..."

"मग तो येतो," भावजय म्हणाली. "परत यायचं ते दुसऱ्या रस्त्यानं, मागे वळून बघायचं नाही, तेही यासाठीच ना? वन्सं, म्हणजे माझ्या पोराला बाहेर काढून आतून कडी घालायची, एवढंच ना हे सगळं?"

आत्या जन्मभर याला मान म्हणत आली होती, गेलेल्याचा मान. आता तिला वाटलं, ज्यानं ही रीत पहिल्यांदा पाडली तो घाबरलेला असणार. कुणी मारकुट्या बापाला घाबरला असेल, कुणी साथीच्या रोगाला. त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. पण टिल्लूला कुणी घाबरायचं? रात्री पाणी प्यायला उठला तरी ज्याला सोबत लागायची, त्याला?

"फिरवा," ती म्हणाली. "डोकं पुढे घ्या. तोंड घराकडे राहू दे."

"आत्या, अहो, भलतंच काय?" वरच्या मजल्यावरचा शेजारी पुढे झाला. "परत आला म्हणजे?"

"येऊ दे की," भावजय म्हणाली.

पेटी पुन्हा आत घेऊन फिरवावी लागली. जिन्यात डोक्याकडची बाजू खाली गेली आणि आत काहीतरी सरकून फळीवर आपटलं. सुतार थबकला. मग ते उतरत राहिले.

दफनभूमीतून निघताना बाकीचे रिवाजाप्रमाणे बाजाराच्या रस्त्यानं वळले. ही तिघंच आल्या वाटेनं परतली. भाऊ मान खाली घालून भराभर चालत होता. भावजयीनं त्याची बाही ओढली. "हळू चाला ना. त्याचे पाय केवढेसे!"

घरी येताच तिनं दार सताड उघडलं आणि समोर बसली. आत्यानं आरशावरची चादर काढली, घड्याळ चालू केलं आणि तिच्याशेजारी टेकली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. भाऊ आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

"वन्सं," भावजयीनं विचारलं, "यायला किती वेळ लागतो?"

 येऊ नये म्हणून काय काय करायचं ते आत्याला सगळं ठाऊक होतं. आलेला मात्र तिनं कधी पाहिला नव्हता, आणि पाहिलेला माणूसही तिला कधी भेटला नव्हता. येणारच नसेल त्याच्यासाठी कड्या कशाला लागतात, ते तिला आत्ता भावजयीच्या डोळ्यांकडे बघताना कळलं. मागे राहिलेल्यांनी असं दाराकडे बघत बसू नये, म्हणून त्या लागतात. आणि ती कडी आज आपणच काढली. 

जिन्यात पाऊल वाजलं. भावजय धडपडत उठून उभी राहिली. वरचा शेजारी होता. दार उघडं बघून तो चपापला आणि नजर चुकवून वर निघून गेला.

"दुसरंच कुणीतरी होतं," भावजय म्हणाली आणि परत बसली. दार लोटू का, एवढं विचारायची फौजदाराची छाती झाली नाही.