गळलेला काना

त्याने चिपच्या पाठीवर अंगठा ठेवून दाबला. कट्ट असा बारीक आवाज झाला. जुन्या यंत्रांत असं होतं. तापून-निवून चिपा खाचेतून वर सरकतात आणि यंत्र भ्रमिष्टासारखं वागायला लागतं. दाबून बसवल्या की बरीच दुखणी जातात. त्याने झाकण न लावताच बटण दाबलं आणि पडदा उजळेपर्यंत दुसरीकडे बघत राहिला.

मग पाहिलं. वरच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत तोच शब्द होता. बोल. खाली आडवी रेघ लुकलुकत होती.

काल संध्याकाळपर्यंत तिथे 'बोला' होतं. यंत्र बनलं तेव्हापासून तिथे 'बोला'च होतं.

संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला तेव्हा त्याने फारसं ऐकूनही न घेता हो म्हटलं होतं. बायको गेल्यानंतर तो फोनवर कोणी काहीही म्हटलं तरी हो म्हणत असे. तुमच्या कंपनीच्या पहिल्या संगणक-यंत्रांपैकी चालू असलेलं हे एकच उरलंय, ते आम्हाला प्रदर्शनात दाराशी ठेवायचंय, असं बाई म्हणाल्या. त्याने माळ्यावरून खोकं काढलं, धूळ झाडली, दोन-तीन फुगलेले भाग बदलून नवे डाख देऊन जोडले. यंत्र पहिल्या फटक्यात सुरू झालं, त्यालाही बरं वाटलं. आज दुपारी बाई ते न्यायला येणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर दादा.

दादा म्हणजे त्याच्या बायकोचे थोरले भाऊ. कंपनी त्यांनी काढली. लाँड्रीच्या वर एक लांबट खोली भाड्याने घेतली होती. खालून इस्त्रीची वाफ यायची, आणि पावडरचा वास तिथल्या माणसांच्या कपड्यांतून घरीही जायचा. लोक म्हणायचे, एवढं मोठं यंत्र घरात ठेवून कोणी काय करणार, लोणचं घालणार? दादा त्यांनाही खुर्ची द्यायचे आणि पटवायचे. पटवणं हे त्यांचं काम. डाख देणं, जुळवणं, बिघाड शोधणं हे त्याचं. आणि यंत्राने सुरू झाल्यावर काय करायचं, कुठली कळ दाबली की काय दाखवायचं, हे सगळं लिहिलं होतं त्याच्या बायकोने. खोलीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून ती बसायची. चुकलेल्या चिपा पुसायला बिस्किटाच्या डब्यात निळा दिवा बसवला होता. त्या दिव्याखाली चिप लिहिलेलं सगळं विसरायची. मग ती नव्याने लिहायची.

'बोला'वरून बहीण-भावात वाद झाला होता. तिने मुळात 'बोल' लिहिलं होतं. घरात राहणाऱ्या वस्तूने घरच्यासारखं बोलावं, असं तिचं म्हणणं. दादा भडकले. गिऱ्हाइकाशी अरे-तुरे करायचं का, म्हणाले. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलली नाहीत, निरोप त्याच्यामार्फत जायचे. शेवटी तिने काना लावला. पुढे त्या एका शब्दावर जाहिराती निघाल्या, मान देणारं यंत्र म्हणून. दादांचे फोटो छापून आले. हळूहळू लोक धरूनच चालले की आतलं सगळं लिहिलंय तेही दादांनीच. दादांनी तसं कधी सांगितलं नाही. कोणी म्हटलं, तर नाही म्हणायचे नाहीत, एवढंच. कंपनी एका मोठ्या कंपनीत गेली, दारावरची पाटी उतरली, तरी ती समजूत तशीच राहिली. त्याने घरी एकदा विषय काढला होता. ती म्हणाली, असू दे रे, त्याला बरं वाटतं ना.

सकाळपासून त्याने करण्यासारखं सगळं केलं होतं. चिपचे पाय खोडरबराने घासले. तारा बदलल्या. दुसरा वीजपुरवठा लावून पाहिला. यंत्र इतर सगळं बिनचूक करत होतं. फक्त एक काना नव्हता.

चिप जुनी झाली की विसरते, हे त्याला ठाऊक होतं. पण विसरलेल्या जागी पडद्यावर भरीव चौकोन येतो. मोकळी जागा येत नाही. मोकळी जागासुद्धा कोणाला तरी लिहावी लागते. हे त्याला तिनेच शिकवलं होतं, निळ्या दिव्याचा डबा उघडताना. "चिपचं विसरणं सरळ असतं," ती म्हणाली होती. "तुझ्यासारखं नाही, भाजी विसरायची आणि पिशवी आठवणीने आणायची."

त्याने यंत्र बंद केलं नाही. खुर्ची ओढून समोर बसला.

खोलीवर चार माणसांत ती त्याला 'अहो' म्हणायची. दादांसमोर तर हटकून. घरी आल्यावर 'तू'. तो चेहरा पाडून आला की ती मागे वळूनही पाहायची नाही, हातातलं काम चालू ठेवूनच म्हणायची, बोल. की तो बोलायचा. शेवटच्या महिन्यांत तिचा आवाज बसला होता. तेव्हाही ओठ हलायचे आणि त्याला कळायचं. आता आई नाही, काका-मामा नाहीत, बरोबरीचे मित्र पांगले. त्याला 'बोल' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

यंत्र द्यायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं. कारण काय सांगायचं, ते मात्र सुचत नव्हतं.

दादा जिना चढून आले ते काठीवर रेलून, धापा टाकत. "जावईबापू," दारातूनच म्हणाले, "लिफ्ट नसलेल्या घरातली माणसं फार जगतात म्हणे. पाहुणे वाटेत मरतात, ते सोडा." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. भिंतीवरच्या फोटोकडे न बघता ते आत आले.

बाई चाळिशीच्या होत्या. मोठी गादीदार पेटी घेऊन आल्या होत्या. पाणी प्यायल्या, खोलीची, खिडकीची चौकशी केली, आणि हातमोजे चढवता चढवता त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"काका, इथे 'बोला' हवं ना?"

दादा पुढे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मग त्याच्याकडे वळून हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "शेवटी धाकटीचंच खरं केलंत," ते म्हणाले. "मी आहे तोवर तरी थांबायचं."

त्याने सांगितलं की आपण काही केलेलं नाही, चिपवर लिहायचं साधन कधीच भंगारात गेलं. दादांनी मान हलवली, पटलं नसल्यासारखी. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं नाही. जुन्या वस्तूंचं असं होतंच, म्हणाल्या. दुसऱ्या एका बंद पडलेल्या यंत्रातून त्यांनी मूळ मजकुराची नक्कल करून घेतली होती, नव्या चिपवर. अक्षर न् अक्षर तपासलेली. ही बसवू, म्हणजे झालं.

नको म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. त्याने यंत्र बंद केलं, चपट्या पेचकसाने तिची चिप उचकटली. ती अजून कोमट होती. ती डाव्या मुठीत ठेवून त्याने उजव्या हाताने नवी बसवली आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. बोल.

बाईंनी पेटीतून नव्या चिपचं कागदी पाकीट काढून त्यावरचा क्रमांक पाहिला आणि परत ठेवलं.

"म्हणजे चिपमध्ये काही नाही," त्या म्हणाल्या. "पडदाच काना गाळत असेल." त्यांनी उभ्या उभ्याच कळा दाबल्या. पडद्यावर आलं, दादा. दोन्ही काने जागेवर होते. मग त्यांनी टाइप केलं, बोला. तेही पूर्ण आलं. वर यंत्राचा शब्द, खाली त्यांचा. बाईंनी हात कळांवरून काढला आणि मोजा घातलेली बोटं दुसऱ्या हाताने पुसली, ओली झाल्यासारखी.

"मी स्वतः तपासली होती," त्या हळूच म्हणाल्या.

त्याला भीती वाटली नाही. उलट आत कुठेतरी सैल झालं. चिपमध्ये नाही, पडद्यात नाही. मग तो शब्द ज्याच्यासाठी होता, त्याला ते माहीत होतं. आता कारणही मिळालं होतं. यंत्र बिघडलंय, असं प्रदर्शनात काय ठेवता, राहू दे इथेच. बाई हो म्हणाल्या असत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ही दोघं जिना उतरली की दार लावायचं, आणि समोर बसायचं. त्याने बोलायला तोंड उघडलं.

दादा खुर्चीवर बसले होते. कधी बसले, ते त्याला कळलं नव्हतं. काठी जमिनीवर पडली होती.

"लहानपणी मी काही लपवलं की तिला लगेच कळायचं," दादा म्हणाले. ते कोणाकडे बघत नव्हते. "आईला सांगायची नाही. नुसती समोर येऊन बसायची. एवढीशी होती. आणि म्हणायची, बोल."

तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. खोलीवर, सगळ्यांसमोर, ती भावाला अरे दादा, ऐक ना रे दादा, असंच म्हणायची. वर्षानुवर्षं त्याने ते ऐकलं होतं. 'अहो' फक्त त्याला होतं. घरी नेऊन जो 'तू' तिने त्याला दिला, आणि जो त्याने आजवर आपला एकट्याचा समजला, तो भावाकडे जन्मापासून होता.

मुठीतल्या चिपचे पाय तळव्याला टोचत होते.

"काय बोलू?" दादांनी विचारलं. त्यांचे हात मांडीवर होते, कळांवर नव्हते. रेघ लुकलुकत होती. "तुला माहीतच आहे सगळं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

बाईंचा हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. आत ध्वनिमुद्रणाचं यंत्र असावं. यंत्रातला मजकूर लिहिणारं माणूस म्हणून प्रदर्शनाच्या भिंतीवर कोणाचं नाव लावायचं, हे त्यांनी फोनवर त्यालाही विचारलं होतं. त्याने मान हलवून नको म्हटलं. त्यांच्या कोपराला हलकेच हात लावून त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि मधलं दार ओढून घेतलं.

दोघं ओट्याजवळ उभी राहिली. दारापलीकडून दादांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. सावकाश, अडखळत, मध्येच नाक ओढत ते बोलत होते. बरंच बोलले. मग थांबले.

बाईंनी दाराकडे पाऊल टाकलं.

"हं," आतून दादांचा आवाज आला. बराच वेळ शांतता. मग पुन्हा, खालच्या आवाजात, "हं... हं." समोरचं माणूस बोलत असलं की आपण म्हणतो तसं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने चिप ओट्यावर ठेवली, आधीच भरलेलं पातेलं नळाखाली सरकवलं आणि नळ पूर्ण सोडला.