न मावळणाऱ्या सूर्याचा हिशेब

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. माझा मूळ रंग वांग्यासारखा जांभळा होता. आता तो फक्त सीटखाली, जिथे ऊन पोचत नाही तिथे, उरला आहे. सध्या मी राणीसावरगावात कोकिळाच्या दारात उभी असते आणि साड्यांची गाठोडी घेऊन तिच्याबरोबर गावोगाव फिरते. कोकिळा मला जपते. तरीही परभणीकडून एसटी आली आणि तिच्यातून कोणी पांढऱ्या केसांची बाई उतरली, की माझा जीव तिकडे धावतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आम्ही सगळ्या रांगेत सारख्याच दिसायचो. मी वेगळी झाले ती परभणीच्या दुकानात, प्रभावतीबाईंनी माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला तेव्हा. बाई पेडगावच्या शाळेत शिकवायच्या. तोवर त्या कधी एसटीने, कधी जीपमध्ये दाटीवाटीने बसून जायच्या. गाडी शिकताना त्यांनी मला गल्लीतल्या विजेच्या खांबावर नेऊन आदळलं. माझ्या पुढच्या पत्र्याला पोचा आला आणि बाईंच्या कोपराला खरचटलं. त्यांनी आधी माझा पोचा चाचपला, मग कोपर झटकला.

त्यानंतर बारा वर्षं आम्ही दोघी पेडगावच्या रस्त्याने गेलो. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरायची, की बाई काडीने ती उकरून काढत बसायच्या. शाळेच्या फाटकात मी शिरले की पोरं ओरडायची, "बाईंची गाडी आली!" मला लई भारी वाटायचं.

माझी जागा वर्गाच्या खिडकीखाली होती, त्यामुळे मीही थोडा भूगोल शिकले. दरवर्षी एक धडा यायचा. पृथ्वीच्या पार उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे, तिथे वरच्या टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, असं बाई सांगायच्या. ते सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तुमी बघितला का तो सूर्य?" सगळा वर्ग हसला.

बाई म्हणाल्या, "अजून न्हाई. बघणार हाय."

त्या दिवशी परत येताना त्यांनी मला फार सावकाश चालवलं.

बाई निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान अण्णासाहेब कचेरीत कारकून होते, ते त्यांच्या आधीच घरी बसले होते. संध्याकाळी दोघं पायरीवर चहा घेत बसायचे. मी शेजारीच असायचे. एका संध्याकाळी बाईंनी नॉर्वेचा विषय काढला, तेव्हा अण्णासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"अगं, एवढ्या पैशात चारधाम होईल, अन् वर घराला रंगही लागंल."

"चारधाम तुमी करा. मला नॉर्वेला जायचंय."

अण्णासाहेबांचा जन्म दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेला होता. एकदा नाही म्हणून झाल्यावर ते स्वतःच हिशेबात असे गुंतले, की त्यांना जेवायला हाका माराव्या लागायच्या. सहल कंपन्या नॉर्वे दाखवत होत्या, पण घाईघाईत, बसच्या काचेतून, आणि उत्तरेला कोणी नेत नव्हतं. बाईंना तो देश खालपासून वरपर्यंत, रेल्वेने आणि बसने, महिनाभर हिंडून पाहायचा होता. म्हणून दोघांनी आपलंआपणच जायचं ठरवलं.

"तिकडं एक कप चहा केवढ्याला हाय, माहिताय का?" अण्णासाहेब म्हणायचे. "तेवढ्यात आपली दोन दिवसांची भाजी येती."

"मग चहापत्ती इथून नेऊ."

अशी एकेक गोष्ट ठरत गेली. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यायची आणि जिथे सामाईक स्वयंपाकघर असेल तिथेच उतरायचं. पाणी नळाचंच प्यायचं. लांबचा प्रवास रात्रीच्या रेल्वेत बसूनच करायचा, म्हणजे त्या रात्रीचं खोलीचं भाडं वाचतं. इकडे घरीही काटकसर सुरू झाली. त्यातच एक दिवस अण्णासाहेब म्हणाले, "पेट्रोल कशाला जाळायचं? बाजारला पायी जात जाऊ."

मग मी लिंबाच्या झाडाखाली उभीच राहिले. आधी बॅटरी उतरली. मग उंदरांनी वायरी कुरतडल्या. पावसाचं पाणी आत गेलं आणि सायलेन्सरला गंज चढला. बाई सुरुवातीला पुसायच्या. पुढे व्हिसाची कागदपत्रं आणि तिकिटांची धावपळ सुरू झाली आणि त्या विसरल्या. मला राग आला नाही. त्या कुठे जायला निघाल्या आहेत, हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. पण उभं राहून राहून मी आतून सुकत गेले.

निघायला थोडे दिवस उरले आणि हिशेब काही बसेना. सगळं कापून झालं, तरी सूर्य बघायच्या उत्तरेकडच्या गावातले दोन मुक्काम हिशेबाबाहेर राहत होते. अण्णासाहेब चाचरत म्हणाले, "वरचं तेवढं सोडून देऊ का? बाकी देश तर दिसंल."

"अन् सूर्य?" बाई म्हणाल्या. "मावळणारा सूर्य तर मी रोज गच्चीवरून बघते."

बाईंची नजर माझ्यावर येऊन थांबली. आता मला विकणार, हे मला आधीच कळलं होतं.

जुन्या गाड्यांचा धंदा करणारे व्यंकटराव आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "गाडी उभी राहून मेली, बाई. अख्खी कोणी घेणार न्हाई. खोलून पार्ट विकतो. पार्टला भाव हाय." त्यांनी सांगितलेल्या आकड्यात दोन्ही मुक्काम बरोबर बसत होते. दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवतो म्हणून ते गेले. बाईंनी पदर ओला करून माझा आरसा पुसला आणि आत निघून गेल्या.

टेम्पोच्या आधी कोकिळा आली. ती पेडगावच्या शाळेत बाईंची विद्यार्थिनी होती आणि लग्न होऊन राणीसावरगावला गेली होती. गाडी विकायची आहे, हे तिच्या कानावर आलं होतं.

"बाई, दर साली दिवाळीनंतर आमी ऊस तोडायला जातो. पोरगी म्हातारीपाशी ऱ्हाती, तिची शाळा हुती न्हाई हुती, कळत बी न्हाई. मला साड्या इकायच्यात, गावोगाव. गाडी असली तर जमंल. पर माझ्याकडं एवढेच पैसे हायेत."

तिने पदराची गाठ सोडली. अण्णासाहेबांनी पैसे मोजले आणि बाईंकडे पाहून हळूच म्हणाले, "एक मुक्काम कमी होईल."

बाईंनी माझ्या पोचा पडलेल्या पत्र्यावर हात ठेवला. व्यंकटरावांकडे गेले असते, तर त्या दिवशीच माझं चाक एकीकडे आणि इंजिन एकीकडे झालं असतं. कोकिळाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"होऊ द्या कमी," बाई म्हणाल्या. "कोकिळा, ने गाडी. पण हिला उभी ठेवू नको."

गंगाखेडच्या मिस्त्रीने मला दुरुस्त केलं. वायरी बदलल्या, नवी बॅटरी घातली. मी पुन्हा धावू लागले. पण जून आला तसं माझं लक्ष लागेना. बाई आता विमानात असतील, आता रेल्वेत असतील, आता वर पोचल्या असतील, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. त्यांचा तो एकच मुक्काम कसा गेला असेल, हा विचार जायचाच नाही.

दिवाळी झाली. ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या गाड्या गावातून निघून गेल्या. पुष्कळ घरांना कुलपं लागली, पण कोकिळाचं दार उघडंच होतं. तिचा नवरा आश्रुबा गावातच कामाला राहिला आणि मुलगी ज्ञानेश्वरी रोज शाळेत जाऊ लागली. अशाच एका दुपारी एसटीतून खरोखरच प्रभावतीबाई उतरल्या. कोकिळाने त्यांना अंगणात बाज टाकून दिली, चहा केला आणि विचारलं, "बाई, दिसला का सूर्य?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. "न्हाई गं. ढग होते. आमी समुद्राकाठी बाकावर बसून राहिलो, स्वेटरवर शाली घेऊन. अंधार मात्र पडलाच न्हाई. माझ्या हातावरच्या रेषा दिसायल्या होत्या. ह्यांनी शेवटी म्हटलं, अजून एक दिवस राहू. कोकिळा, पै-पै मोजणारे हे, अन् हेच असं म्हटले! पण पुढची तिकिटं काढलेली होती. मीच नको म्हटलं."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"आमी खाली दक्षिणेला जाणाऱ्या बसमध्ये होतो. त्या खोलीवाल्या बाईनं मागून फोटो पाठवला. लख्ख सूर्य."

तो मुक्काम कशाने कमी झाला, हे बाईंनी तिला सांगितलं नाही. मला ते सांगावंसं वाटलं, पण मला कुठे तोंड आहे? त्यांनी मागितला असता तर मी माझा दिवाही काढून दिला असता.

"चक्कर मारू का?" बाईंनी विचारलं.

त्या बसल्या. त्यांचा हात मी लगेच ओळखला. आम्ही वेशीपर्यंत गेलो आणि कापसाच्या शेतांमधून परत आलो. उतरताना त्या कोकिळाला म्हणाल्या, "हे पुन्हा हिशेबाला बसलेत. म्हणायलेत, बाकीचा देश बघून झालाय, आता नुसतं वरच जाऊ. किती वर्षं लागतील देव जाणे. गुडघे तेवढे टिकले पाहिजेत." एवढं बोलून त्या हसल्या आणि एसटी पकडायला चालू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असेल, तर आज तिच्यावरची धूळ पुसा आणि तिला एक चक्कर मारून आणा. उभं राहण्यानेच आम्ही मरतो. आणि घरात गेल्यावर आईला, आजोबांना, जे कोणी असतील त्यांना विचारा, तुम्हाला कुठे जायचं होतं? त्यांना सांगायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांच्याजवळ बसा.