दस्त्यातला खळगा

नोटरीसाहेब रायफल न घेताच ग्राझला परत गेले. पण असं काही घडलेलं नाही, असंच समजा. आमचं फेर्लाख बंदुका घडवणाऱ्यांचं गाव, इथे असं घडत नाही; इथून गिऱ्हाईक बंदूक घेऊन, टोपी उचलून, हसतमुखाने जातं. तेव्हा हसतमुख भागापासूनच सांगतो.

रायफलवर शेवटचा हात फिरत होता. वाल्बुर्गामावशी तळव्यावर जवसाचं तेल घेऊन खांद्याला टेकणाऱ्या अक्रोडाच्या लाकडी दस्त्यावर चोळत होती. आमच्याकडे दस्ते मावशी घडवायची, नळ्या तिचा नवरा, ओस्विनकाका. काका हिवाळ्यात वारले. ही त्यांची शेवटची नळी. पुढचं सगळं मावशीचं, आणि नेम जुळवणं माझं.

पूर्वी दस्ता झाला की मावशी आतून ओरडायची, "ओस्विन, खांदा आण!" काका हातातलं टाकून यायचे, दारात उभे राहून रायफल खांद्याला लावायचे आणि समोरच्या छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यावर नेम धरायचे. कोंबडा कधी मेला नाही, पण भीतीने त्याने वाऱ्याकडे बघणं सोडलं होतं. दस्ता आधी काकांच्या अंगावर बेतायचा आणि मग कापून, तासून गिऱ्हाइकाच्या मापाला उतरवायचा, अशी मावशीची रीत. काका इतके उंच होते की त्यांच्यातून कुठलंही गिऱ्हाईक निघायचं.

चाचणीच्या मैदानावर मी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं बिअरच्या एका झाकणाखाली लपली.

मावशीने निशाणाचा कागद उजेडात धरला. "बघ, गेला तरी कामात चूक नाही मेल्याची."

मग नोटरी टासिलो वुर्त्सर उभ्याने नेम धरायला गेले. गृहस्थ ठेंगणे. डोळा दुर्बिणीपर्यंत पोचेना. त्यांनी मान ताणली, आणखी ताणली, आणि पाव मागणाऱ्या बदकासारखे दिसू लागले.

"लांब झालाय हो दस्ता, बाई. आणि इथे गालापाशी खळगा कसला?"

मी बोट लावून पाहिलं. लहानपणी बर्फावरच्या घसरगाडीवरून पडून काकांच्या उजव्या गालाचं हाड वर आलं होतं. नेमकं तेवढंच मावेल असा खळगा.

"मावशी, मापाला उतरवायचं राहिलं."

"दिसतंय मला. आंधळी नाहीये."

"मागून दोन बोटं कापू, खळगा तासून टाकू. जेवायच्या आत होईल."

"हात तर लाव. आधी तुझा गाल तासते."

"बरं, मग ह्यांना दुसरा दस्ता करू."

"आणि ह्या दस्त्याला नळी कुठली लावू? झाडूची?"

नोटरी म्हणाले, "पण रायफल माझी आहे ना?"

 मावशीने रायफल त्यांच्या हातातून काढून घेतली, अंगठा खळग्यात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "मी हाक मारली नव्हती ह्या वेळी," ती मला हळूच म्हणाली. "तरी आलाच बघ."

हे नोटरींच्याही कानावर गेलं; त्यांनी टोपी काढली. पण नोटरी ते नोटरीच, जाताना म्हणाले, "काय ते लेखी कळवा." मावशीने सांगितलं, मी लिहिलं:

"महोदय, आपल्या रायफलची चाचणी समाधानकारक झाली असून दस्त्यात कोणताही दोष आढळलेला नाही. सबब आपण शिकारीच्या हंगामापूर्वी आपले दोन्ही हात दोन बोटे लांब करून व उजव्या गालाचे हाड आवश्यक तेवढे वर आणून रायफल ताब्यात घेण्यास समक्ष हजर राहावे, ही विनंती."