चोखून काढलेला मुंजा

डोंबिवलीच्या त्या चाळीत दुपारपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. कल्याणचे परशुरामबुवा विमलाबाईंच्या सुनेच्या डोक्यातला मुंजा चोखून काढत होते! कपाळाला पोकळ शिंग लावायचं, गाल आत ओढायचे आणि ताटात थुंकायचं. लालभडक गोळा, त्यात केस! बायका पटापट हात जोडत होत्या. बुवांचे शब्द तोंडातच घोळत होते. "अंगात देव आला की जीभ जड होते," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

विमलाबाईंना मात्र टोचणी लागली होती. सकाळी सून सरोज पाळीमुळे बाजूला बसलेली असताना तिनं माळ्यावरून लोणच्याची बरणी काढली आणि ती निसटून तिच्या कानशिलावर आदळली. "काही नाही हो," म्हणत पोरीनं हसत काचा वेचल्या. दुपारी डोकं धरलं, दोनदा ओकली आणि पेंगायला लागली. विटाळाच्या हातानं लोणचं शिवलं म्हणून मुंजा कोपला, हे विमलाबाईंनीच बुवांना दारात सांगितलं. बुवांनी आत येऊन, डोळे मिटून, तेच 'ओळखलं'.

"निघाला बघा! पोर कशी शांत निजलीय," बुवा म्हणाले.

इतक्यात शेजारची मंदाकिनी ड्यूटीवरून आली. ती दवाखान्यात नर्स होती. तिनं सरोजला हाक मारली, चिमटा काढला, पापण्या उघडल्या. एक बाहुली दुसरीच्या दुप्पट झालेली.

"काकू, ही निजली नाही, बेशुद्ध होतेय. मोटार बघा कुणीतरी, लवकर!"

"थांबा, अजून एकदा चोखायचंय," बुवा म्हणाले.

"मग आधी चूळ भरा," मंदाकिनी म्हणाली.

बुवांनी नकारार्थी मान हलवली. विमलाबाईंनी स्वतः तांब्या पुढे केला. "भरा की. देवाला पाण्याची कसली भीती?"

बुवांनी नाइलाजानं चूळ भरली. ताटात कुंकवात भिजवलेले कापसाचे दोन बोळे पडले, केसांसकट. हसण्याच्या गलक्यात बुवा अनवाणीच पसार झाले.

मोटार येईपर्यंत विमलाबाई विचारत होत्या, "मग हिला झालंय तरी काय?"

"कवटी म्हणजे लाडवांनी गच्च भरलेला डबा. आणखी एक कोंबला तर डबा फुगत नाही काकू, आतले लाडू चेपतात. आत रक्त साचतंय, मेंदू दबतोय. म्हणून ओकारी, म्हणून ही झोप, म्हणून बाहुली मोठी."

"आणि विटाळ?"

"बरणी जड होती, हातातून सुटली. तिला विटाळ काय कळतो?"

मुंबईत डॉक्टरांनी हाडाला भोक पाडून गुठळी काढली. तिसऱ्या दिवशी सरोजनं पहिलं विचारलं, "लोणचं सगळं गेलं का हो?" विमलाबाई तिथेच रडल्या.

आता चाळीत कुणाचं डोकं आपटलं की त्या आधी धावतात. "ओकला, पेंगला, तर डॉक्टर गाठा. बुवा नको. मी दोन तास फुकट घालवले, पोर हातची गेली असती," असं सगळ्यांदेखत सांगतात.

नवी बरणी खालच्या फळीवर असते. सरोज महिन्याच्या कुठल्याही दिवशी तिच्यात हात घालते. लोणचं अजून नासलेलं नाही.