आईची बिनइस्त्रीची शाल

वहिनीनं शाल हातात दिली आणि ताईच्या मनात पाल चुकचुकली. आई गेल्यापासून वर्षभर शाल दादा-वहिनीच्या कपाटात होती. आज ताई ती न्यायला आली होती. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून बोटं तयार झालेली, आणि त्या बोटांना हे काही रेशीम वाटेना.

आईनं ही शाल कधी कुणाच्या हाती लागू दिली नव्हती, इस्त्री तर दूरच. "अस्सल रेशीम आहे. तुझ्या बाबांनी पहिल्या पगारातून आणलंय. इस्त्रीनं खराब होतं," म्हणायची.

म्हणजे खरी शाल वहिनीनं गिळली आणि बाजारातली हातावर टेकवली, दुसरं काय. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी बाई, वरून अगदी साधी. दादा बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. त्याच्या कानावर घातलं की घर दुभंगणार, हे ताईला कळत होतं. पण गप्प बसायचं तरी कसं? आधी पुरावा हवा.

तिनं काठाचा एक धागा उपसला आणि शेगडीजवळची काडेपेटी घेतली.

"रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येईल आणि राख होईल. खरं ना, वहिनी?"

"खरं," वहिनी म्हणाली. "केस, लोकर, रेशीम, सगळे पॉलिमरच. एकच कडी पुन्हा पुन्हा जोडत गेल्यासारख्या लांबच लांब साखळ्या. नायलॉनही तसंच, फक्त त्याची साखळी कारखान्यात जोडतात. तुमची बटणं, चेन, ती प्लास्टिकची बादली, सगळी त्याच गोतातली. पण नायलॉन आधी वितळतं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हिच्या तोंडावरची रेषही हलली नव्हती. त्यानं ताईचा संशय आणखीच वाढला.

काडी लागताच धागा आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळी कडक गोळी उरली. केसांचा वास नाहीच.

"आईची शाल कुठं आहे, वहिनी?"

वहिनीनं नुसता शालीचा कोपरा पुढं केला. तिथं बटणाएवढं रफू होतं. ते टाके ताईनं तत्काळ ओळखले. तिला सुई धरायला शिकवणारा हात होता तो. तिनं रफूखाली बोट घातलं. भोकाची कड टणक लागली, थेट त्या काळ्या गोळीसारखी.

आईनं इस्त्री लावली होती. एकदाच.

बाबांना दुकानदारानं फसवलं होतं, आणि आईनं ते त्यांना जन्मभर कळू दिलं नव्हतं. वहिनीकडे बघायचीही ताईला लाज वाटली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शाल धुतली तेव्हा. यांना नाही सांगितलं. आईंनी झाकलेलं मी कशाला उघडू?"

तेवढ्यात दादा दारात आला. "शाल चुरगळलेली दिसतेय. इस्त्री गरम आहे, आण इकडे."

ताईनं शाल पोटाशी धरली.

"नको, दादा. अस्सल रेशीम आहे. इस्त्रीनं खराब होतं."